सांगून ठेवलंय

आमच्या घरात कुठलीही गोष्ट मागितली जात नाही, ती सांगून ठेवली जाते. एप्रिलमध्ये हापूसची पहिली पेटी आली की कळवायला इथल्या, म्हणजे बहरीनच्या मनाम्यातल्या दुकानदाराला सांगून ठेवलेलं असतं. मुंबईहून परतणाऱ्या कुणाला तरी कोकमं आणायला सांगून ठेवलेलं असतं. माझ्या शाळाप्रवेशाचा फॉर्म कुणी भरला हे मला माहीत नाही, पण शाळेच्या ऑफिसात एक ओळखीचे गृहस्थ होते आणि बाबांनी त्यांना सांगून ठेवलं होतं, हे मी शंभरदा ऐकलंय. एकदा सांगून ठेवलं की पुन्हा विचारायचं नाही. पुन्हा विचारणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास, आणि त्याहून वाईट म्हणजे आपली गरज चारचौघांत उघडी करणं. बाबा मूळचे गुहागरकडचे. एअर कंडिशनिंगचे इंजिनियर म्हणून त्यांनी अर्धं आयुष्य बहरीनमध्ये काढलं, पण हा नियम त्यांनी येताना बरोबर आणला आणि विमानतळावर कुणी तो काढून घेतला नाही.

मी डॉक्टर झाले ती इथेच. पुढचं शिक्षण, म्हणजे रेसिडेन्सी, मला अमेरिकेत करायचं होतं. इथल्या जागा आधी इथल्या मुलांना मिळतात, त्यात काही चूक नाही. भारतात जायचं तर इथली डिग्री तिथे चालवण्यासाठी आधी एक वेगळी परीक्षा, आणि ती पास होईपर्यंत पेशंटला हात लावायचा नाही. म्हणून अमेरिकेच्या परीक्षा दिल्या. त्या पास झाले. एका दवाखान्यात बिनपगारी काम धरलं, म्हणजे अर्जात रिकामं वर्ष दिसायला नको.

आणि मला जायचं कुठे होतं हेही ठरलेलं होतं. बाबांचे एक चुलतभाऊ, माझे काका, अमेरिकेतल्या एका मध्यम आकाराच्या शहरात डॉक्टर आहेत. त्यांच्याच हॉस्पिटलात मी महिनाभर नुसती बघायला म्हणून जाऊन आले होते. तिथल्या मेडिसिनच्या वॉर्डात सकाळी राऊंडला सगळ्यात ज्युनियर डॉक्टर आधी बोलायचा आणि मोठे डॉक्टर मान खाली घालून ऐकायचे. मी असं कुठे पाहिलं नव्हतं. शेवटच्या दिवशी परतताना मी काकांच्या गाडीत रडले आणि ॲलर्जी आहे म्हणून सांगितलं. म्हणजे मीही आमच्याच घरातली.

आता सिग्नलचं सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. हल्ली एकेक उमेदवार शेकड्याने अर्ज टाकतो, त्यामुळे कुणाला खरंच यायचंय आणि कुणी उगाच टाकून ठेवलाय हे हॉस्पिटलांना कळेनासं झालं. म्हणून अर्जाबरोबर प्रत्येकाला थोडे सिग्नल मिळतात, काही सोनेरी, काही रुपेरी. रुपेरी म्हणजे तुम्ही मला आवडता. सोनेरी म्हणजे मला तुमच्याकडेच यायचंय. सोनेरी अगदी मोजके असतात आणि ते एकदा दिले की परत घेता येत नाहीत. एवढं सरळ आहे. तुला काय हवंय ते सांग, असं कुणीतरी अधिकृतपणे विचारतंय. मला वाटतं आमच्या खानदानात हा प्रश्न पहिल्यांदाच कुणाला विचारला गेला असेल.

सप्टेंबरात एका शुक्रवारी जेवणाच्या टेबलावर मी लॅपटॉप उघडून बसले आणि पहिला सोनेरी सिग्नल काकांच्या हॉस्पिटलला, असं जाहीर केलं. बाबा मासे साफ करत होते. ते हात तसेच ठेवून बाहेर आले.

"तिथे कशाला? तिथे आपला माणूस आहे," ते म्हणाले. "सिग्नल परक्यांना द्यायचा. काकाला मी सांगून ठेवलंय."

मी म्हटलं, हे तसं नसतं, ते कॉम्प्युटरवर बघतात. बाबा म्हणाले, कॉम्प्युटरपुढे माणूसच बसलेला असतो. आई म्हणाली, खरंच गं, तो सिग्नल दुसरीकडे कामाला येईल. मग काकांना फोन झाला. काका म्हणाले, अर्ज कर, मी बघतो. सिग्नलबद्दल विचारू का, असं मी खुणेने बाबांना म्हटलं तर त्यांनी डोळे मोठे केले. आपल्याच माणसाला असला प्रश्न विचारणं त्यांना जिवावर आलं. म्हणजे काय, तो काय विसरणार आहे? ज्याच्याबरोबर एका ताटात जेवलो त्याला काय अर्जावर शिक्का मारून पाठवायचा?

मी सोनेरी सिग्नल तीन अनोळखी शहरांना दिले. त्यातल्या एकाचं नाव मला आजही नीट उच्चारता येत नाही.

ऑक्टोबरच्या मध्यापासून मुलाखतींची बोलावणी येऊ लागली. माझ्या बॅचचा एक ग्रुप आहे, त्यावर रोज कुणाचं तरी अभिनंदन चालायचं आणि त्याच्या खाली वाद. मुलाखत ऑनलाइन बरी की समोरासमोर, यावर तर नुसती जुंपायची. ज्यांचं कुणी अमेरिकेत होतं त्यांना समोरासमोर हवी होती. जागा बघता येते, रेसिडेंट कॅन्टीनमध्ये हसतात की नाही ते कळतं, स्क्रीनवर सगळेच देखणे दिसतात. केरळची एक मैत्रीण म्हणायची, मला ऑनलाइनच पाहिजे, व्हिसासाठी रांगेत उभं राहून मग मुलाखतीत ताजंतवानं हसायला मी नटी नाही. मी तिच्या बाजूची. बाबा अर्थातच दुसऱ्या बाजूचे. माणूस समोर बसल्याशिवाय कळत नाही, असं ते म्हणायचे, आणि हे मत ते सीफ भागातल्या त्यांच्या ऑफिसातून मला फोनवर सांगायचे.

काकांच्या हॉस्पिटलकडून काही येईना. मी दिवसातून कितीदा मेल उघडायचे ते विचारू नका. पेशंटचं ब्लडप्रेशर घेताना माझंच वाढायचं. बाबांना म्हटलं, एक फोन करूया का. तर ते म्हणाले, दम धर, सांगून ठेवलंय. नोव्हेंबर असाच गेला. मला बाबांचा राग येत होता आणि तो राग कुठे ठेवावा ते कळत नव्हतं, कारण रोज संध्याकाळी तेच माझ्यासाठी मुलाखतीची खोली लावत होते.

ती खोली म्हणजे माझीच. पलंग सरकवून भिंत मोकळी केलेली, देवाचं कॅलेंडर उतरवलेलं, टेबलावर पुस्तकांच्या थप्पीवर लॅपटॉप. बाब अल बहरीनच्या बाजारातल्या शिंप्याकडून माझा ब्लेझर शिवून आणला होता. वर ब्लेझर आणि खाली घरचा पायजमा, कारण दिसायचं फक्त वरचंच. अमेरिकेत सकाळ म्हणजे इथे दुपार उलटलेली, आणि हिवाळ्यात मुलाखतीच्या ऐन मध्यावर मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान व्हायची. मशीद आमच्या खिडकीला लागून आहे. एरवी ती अजान मला घड्याळापेक्षा जवळची, पण त्या दिवसांत तिची धास्ती वाटायची. बाबा तेवढ्या वेळासाठी खिडकीवर गादी टेकवून धरायचे. कॅमेऱ्याच्या मागे माझे वडील दोन्ही हातांनी गादी धरून उभे आहेत आणि मी इंग्रजीत सांगतेय की मला टीमवर्क आवडतं. मला हसू यायचं आणि पाठोपाठ रडू.

डिसेंबरात काकांचा आपणहून फोन आला. स्पीकरवर होता, आम्ही तिघंही टेबलाशी. आधी थंडीचं बोलणं झालं. मग काका म्हणाले की त्यांनी ऑफिसात चौकशी केली. यंदा अर्जांचा ढीग इतका होता की ज्यांचा सिग्नल आहे त्यांचेच उघडले. माझा उघडलाच गेला नाही. निवड करणाऱ्यांत काका नव्हतेच, कधीच नव्हते. योग्य वेळी ते शब्द टाकणार होते, पण शब्द टाकायचा तर नाव आधी यादीत यायला हवं.

"तू सिग्नल दिला असशील असं मी धरूनच चाललो गं," ते म्हणाले. "विचारायचं काय त्यात, असं वाटलं मला."

म्हणजे इकडे आम्ही आपल्या माणसाला विचारलं नाही आणि तिकडे आपल्या माणसाने आम्हाला विचारलं नाही. दोन्हीकडे भरपूर विश्वास होता. बाबा लगेच म्हणाले, अरे काही हरकत नाही, होतं असं, वहिनींचा गुडघा काय म्हणतो? आणि पुढची कितीतरी मिनिटं गुडघ्यावर बोलणं चाललं. मी उठून गेले आणि दार आपटलं. इतक्या जोरात आपटलं की खिडकीला टेकवलेली गादी पडली.

मुलाखती मला थोड्याच मिळाल्या, त्याही सगळ्या ऑनलाइन. एका ठिकाणी शेवटी प्रश्नावली पाठवली, त्यात विचारलं होतं की तुम्हाला मुलाखत कशी आवडली असती. मी ऑनलाइनवर खूण केली आणि कारणाच्या जागी लिहिलं की मी लांब राहते. खरं कारण मला नंतर समजलं. स्क्रीनवर एका क्षणात मुलाखत घेणाऱ्या बाई नाहीशा होतात आणि आपण पुन्हा पायजम्यातले होतो. समोर बसून कुणाच्या डोळ्यांत बघत मला घ्या म्हणायला लागत नाही. मला तेच हवं होतं.

शेवटची मुलाखत मात्र चांगली चालली होती. एका छोट्या गावातलं हॉस्पिटल, त्यांना मी सोनेरी सिग्नल दिला होता. पिकलेल्या केसांच्या एक डॉक्टरबाई होत्या. घाई नाही, प्रश्न सरळ. गादी जागेवर, अजान होऊन गेलेली. शेवटी त्या म्हणाल्या, आमच्या गावात यायला फारसं कुणी उत्सुक नसतं, तुम्ही उत्सुक आहात असा सिग्नल दिलाय, त्याबद्दल काही सांगाल? मला सांगायचं होतं. काकांच्या हॉस्पिटलातला तो राऊंड, सगळ्यात ज्युनियर माणसाने आधी बोलायचं, मला तसं शिकायचंय, मी येईन, कुठेही येईन. तोंड उघडलं आणि मी म्हणाले की सगळं अर्जात आहेच. बाईंनी मान हलवली, काहीतरी लिहिलं, आभार मानले. स्क्रीन काळी झाली. खिडकीतल्या गादीपाशी उभे असलेले बाबा म्हणाले, "छान बोललीस." त्यांना ते उत्तर खरोखरच छान वाटलं होतं.

निकाल मार्चमधल्या एका सोमवारी संध्याकाळी आला. रमजान चालू होता, इफ्तारची वेळ जवळ आलेली, खाली गाड्यांची घरी पोचायची घाई. मेलमध्ये एकच ओळ महत्त्वाची होती. मला कुठेच जागा मिळाली नव्हती. उरलेल्या जागांसाठी आठवडाभर धावपळ केली, त्यातूनही काही निघालं नाही. दोन दिवस आई दाराबाहेर ताट ठेवून जायची.

पुन्हा अर्ज करायचा तर सप्टेंबरात. तोवर आणि त्यानंतरही, पुढच्या मार्चपर्यंत, मला इथेच दवाखान्यात काम करत राहायला हवं होतं. माझा व्हिसा बाबांच्या व्हिसाला बांधलेला आणि बाबांचा नोकरीला. त्याच आठवड्यात कळलं की बाबांच्या कंपनीने साठीच्या आसपासच्या लोकांची कॉन्ट्रॅक्ट जूनपुढे वाढवायची नाहीत असं ठरवलंय. म्हणजे जूनमध्ये घर गुंडाळायचं, आणि माझं पुढचं वर्ष तिथेच संपायचं. बाबांना हे जानेवारीपासून माहीत होतं. ते गप्प होते, कारण कंपनी आपल्याला अपवाद करील याची त्यांना खात्री होती.

"सांगायला कशाला पाहिजे?" ते म्हणाले. "सीफमधल्या अर्ध्या इमारतींच्या एसीचे चिलर मी चालू केलेत. त्यांना दिसत नाही का?"

मी आयुष्यात बाबांवर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला.

"नाही दिसत, बाबा. कुणालाच दिसत नाही. माझा अर्ज कुणी उघडलासुद्धा नाही. तुमची फाईल तरी कोण उघडणार आहे?"

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिथेच उभी राहिली. बाबा चप्पल घालून खाली गेले आणि बऱ्याच वेळाने वर आले तेव्हा हातात खजुराचा डबा होता. खालच्या मजल्यावरच्या बहरीनी शेजाऱ्यांनी दिला होता. तो माझ्यासमोर ठेवला आणि झोपायला गेले. मला फार वाईट वाटलं. पण बोललेलं एक अक्षरही मागे घ्यावंसं वाटलं नाही.

ईद झाल्यावर एका शनिवारी आम्ही झल्लाकच्या किनाऱ्यावर गेलो होतो. आई पाण्यात पाय टाकून बसली होती. बाबा माझ्याशेजारी वाळूत येऊन बसले आणि समुद्राकडे बघत म्हणाले की त्यांनी मॅनेजरची वेळ मागितलीय. एचआरवाल्या मुलीने विचारलं, ऑनलाइन बोलणार की समोरासमोर.

"तुझं काय मत?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, माणूस समोर बसल्याशिवाय कळत नाही असं कुणीतरी म्हणत असतं. ते हसले, खूप दिवसांनी. मग म्हणाले, माझी तयारी करून घेशील का?

दुसऱ्या दिवशी मी त्यांना माझ्या खोलीत खुर्चीवर बसवलं, समोर मी. विचारलं, तुम्हाला आमच्या कंपनीत का राहायचंय? बाबा चिलरबद्दल बोलू लागले. पहिला कुठल्या टॉवरमध्ये बसवला, ऐन ऑगस्टमध्ये कॉम्प्रेसर बंद पडला तेव्हा काय केलं. मी थांबवलं. म्हटलं, हे सगळं अर्जात आहे. तुम्हाला काय पाहिजे ते सांगा. ते पुन्हा चिलरवर गेले. मी पुन्हा थांबवलं. त्यांना घाम फुटला, एसी चालू असताना. मलाही त्यांच्याकडे बघवेना. कानकोंडे होऊन बसले होते, आणि मी त्यांना काय शिकवत होते, जे मला स्वतःला जमलं नव्हतं तेच.

"मला अजून एक वर्ष पाहिजे," शेवटी ते म्हणाले. इतक्या हळू म्हणाले की मी पुन्हा म्हणायला लावलं.

ठरलेल्या दिवशी गाडी मी चालवली. एरवी ते मला चालवू देत नाहीत, माझ्या ब्रेक लावण्यावर त्यांचा विश्वास नाही. त्या दिवशी त्यांनी चावी आपणहून दिली. त्यांनी टाय बांधला होता, तो मला लहानपणच्या फोटोंतून ओळखू आला. सीफमधल्या त्यांच्या ऑफिसखालच्या पार्किंगमध्ये मी थांबले. ते आत गेले. मी मेल उघडला, बंद केला, उघडला.

ते परत आले, गाडीत बसले, पट्टा लावला. चेहऱ्यावरून काही कळेना.

"सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं नाही. मागितलं," ते म्हणाले. "तो म्हणाला, इंशाल्ला. मी म्हटलं, सर, इंशाल्ला म्हणजे हो की नाही?"

माझे बाबा असं म्हणाले. इतक्या वर्षांत त्या एका शब्दावर ते दर वेळी समाधानाने घरी आले होते. मॅनेजर आधी हसला म्हणे, मग त्याने कुणाला तरी फोन लावला आणि शेवटी म्हणाला, डिसेंबरपर्यंत. त्यापुढे बघता येणार नाही.

मी म्हटलं, वा, बाबा. खरंच मनापासून म्हटलं. डिसेंबर म्हणजे अर्ज जाईल, काही मुलाखतीही होतील. निकाल मार्चमध्ये लागतो आणि तोवर मला इथे राहायला हवं, हे मी तोंडातून काढलं नाही. तेवढा शहाणपणा मला होता. गाडी सुरू केली आणि मागे बघत रिव्हर्स घेऊ लागले.

"थांब," बाबा म्हणाले.

मी ब्रेक लावला. त्यांनी बोटांवर महिने मोजले, एकदा, मग पुन्हा एकदा.

"मार्च म्हणायला हवं होतं मी," ते म्हणाले. "मार्च म्हणालोच नाही."

मी म्हटलं, असू दे, नंतर बघू, उद्या मेल करा. पण त्यांनी पट्टा काढला होता. आरशात बघून टाय सरळ केला, दार उघडलं आणि उन्हातून परत त्या काचेच्या दाराकडे चालू लागले. मी गाडी पुन्हा जागेवर लावली आणि त्यांची वाट बघत बसले.